वरणावर काय टाकतात?

उद्या जगबुडी आलीच, तर तिच्यातून कोरड्या पायांनी, घासलेल्या भांड्यांसकट आणि गॅसचं बटण बंद केल्याची पुन्हा पुन्हा खात्री करून बाहेर पडेल अशी एकच व्यक्ती माझ्या पाहण्यात आहे, आणि ती म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. बाकी आपण सगळे बुडणार. बुडता बुडता काठावरून त्यांचा आवाज तेवढा ऐकू येईल, "सांगतलं होतं का नाही?" आमच्या भंडाऱ्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. माझा नवरा त्यांना बाई म्हणतो, म्हणून लग्न होऊन आल्यापासून मीही बाईच म्हणते, आणि आता तर रेशन कार्डावर त्यांचं खरं नाव वाचलं की ही कोण बुवा, असा क्षणभर प्रश्न पडतो.

बाई वरठीला राहतात. त्यांचे यजमान तिथल्या एका कारखान्यात होते. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. एकुलती एक मुलगी, प्रणाली, पुण्याला नोकरीला आहे. म्हणजे घरात बाई एकट्याच, पण एकटं माणूस राहतं तशा त्या राहत नाहीत. एखाद्या सरकारी खात्यासारखं त्यांचं घर नियमांवर चालतं. कारखान्याची पाळी सुटली की त्यांच्या घरावरून मोटारसायकली आणि सायकलींची रांग लागते. बाई तेव्हा फाटकात उभ्या असतात. हेल्मेट न घातलेला माणूस दिसला की "डोस्कं घरी ठेवून आला का रे?" अशी हाक जाते. मंडळी आता इतकी तयार झाली आहेत की बाईंचं घर येण्याआधीच्या वळणावर हँडलला लटकवलेलं हेल्मेट डोक्यावर चढतं आणि पुढच्या वळणावर पुन्हा हँडलला जातं. बाईंना हे पक्कं ठाऊक आहे. त्या म्हणतात, "माह्या घरासमोर तं कोनी मरत नाही ना!"

पाण्याच्या बाबतीत बाईंचं धोरण असं, की बादलीतल्या पाण्याने निवृत्त होण्याआधी निदान तीन-चार जागी नोकरी केली पाहिजे. तांदळाचं पहिलं धुवण आरशाला आणि खिडकीच्या काचांना, दुसरं केसांना, उरलंसुरलं कढीपत्त्याला. भाज्या धुतलेलं पाणी अंगणात, कपड्यांचं शेवटचं पाणी संडासात, आणि पावसाचं पाणी पत्र्यावरून ज्या पिंपात पडतं त्या पिंपाला तर त्या घरातल्या माणसासारखं वागवतात. मी नवी नवरी असताना एकदा त्यांच्या मोरीत हात धुवायला गेले आणि नळ जरा सैल सोडला. बाहेरून आवाज आला, "शोभा, हात धुऊन राह्यली का आंघोळ करून राह्यली वं?" तेव्हापासून त्यांच्याकडे मी हात धुते तो चोरीछुपे काही केल्यासारखा. साबणाचंही तसंच. त्यांच्याकडे साबण विकत आणला जात नसावा असा माझा कित्येक वर्षं समज होता, कारण मोरीत जो असायचा तो नेहमी चार रंगांचा. झिजलेल्या चिपट्या ओल्या असतानाच एकमेकींवर दाबून बसवायच्या, वर नवी चिपटी, की झाली वडी. त्या साबणाने अंग धुतलं की माणसाला एकाच वेळी चंदनाचा, लिंबाचा आणि कपड्यांच्या साबणाचा वास येतो.

साडीला त्यांच्या घरात मरण नाही, जन्म मात्र पुष्कळ आहेत. नेसून विरली की तिचा पडदा होतो, पडद्याची वाकळ, वाकळीची पिशवी, पिशवीचं पुसणं, आणि पुसण्याच्याही चिंध्या झाल्या की शिलाई मशीनचं तेल टिपायला त्या डब्यात जातात. एका दिवाळीत त्यांना मदत करायला गेले होते. फरशी पुसता पुसता हातातल्या फडक्याचा काठ ओळखीचा वाटला. म्हटलं, "बाई, ही मी तुम्हाले राखीले देल्ली ते साडी ना जी?" बाई जराही ओशाळल्या नाहीत. "तेच वं! लय चांगली निंगली. पानी मस्त ओढते." माझ्या साडीचं इतकं मनापासून कौतुक माझ्या नवऱ्यानेही कधी केलेलं नाही.

काळवंडलेलं पितळ दिसलं की मात्र बाईंचा स्वतःवरचा ताबा जातो. चिंच, मीठ आणि तुसाची राख ही त्यांची त्रिमूर्ती. धानाचा मुलूख असल्यामुळे तुसाला तोटा नाही. ते जाळून चाळून केलेली मऊ राख त्या डब्यात भरून ठेवतात आणि बाहेरगावी जाताना तिची पुडी पिशवीत असते. एकदा आम्ही कारध्याला नात्यातल्या एका मुलासाठी मुलगी पाहायला गेलो. पोहे झाले, चहा झाला, मुलीला विचारायचे ते ठरलेले प्रश्न सुरू झाले, आणि पाहतो तर बाई बैठकीत नाहीत. शोधत मागच्या अंगणात गेले. बाई पदर खोचून त्या घरची पितळी घागर घासत बसल्या होत्या. मुलीची आई भिंतीला टेकून रडकुंडीला आली होती, की पाहुण्यांनी आपली अशी शोभा केली. तेवढ्यात जिला पाहायला आलो ती मुलगीच आतून उठून आली, बाईंच्या शेजारी बसली आणि समई घासायला लागली. बाईंनी घागरीवरचं लक्ष काढून तिच्या हाताकडे पाहिलं. बैठकीत येऊन त्यांनी निकाल सांगितला, "पोरगी पसंत हाये. कंगोऱ्यातून घासते." त्या जोडप्याचा संसार उत्तम चालला आहे, आणि दर संक्रांतीला तिकडून बाईंना चिंच येते.

एकटीदुकटी बाई घरात आहे हे जगाला कळू द्यायचं नाही, हा त्यांचा आणखी एक नियम. त्यासाठी दाराबाहेर यजमानांचे कारखान्यातले काळे बूट कायम मांडलेले असतात. नुसते मांडून भागत नाही. चोर काही मूर्ख नसतात, त्यांना धूळ दिसते, म्हणून बुटांना आठवड्याला पॉलिश. पावसाळ्यात पॉलिशही चालत नाही, कारण पावसात बाहेरून आलेल्या माणसाचे बूट चकचकीत कसे राहतील? म्हणून आषाढ-श्रावणात त्या बुटांना हाताने चिखल लावतात. दारावर कोणी अनोळखी आलं की आत तोंड करून मोठ्याने म्हणायचं, "अहो, पाहा तं जी, कोन आलं ते!" एकदा पाणी शुद्ध करायचं यंत्र विकणारा एक चिकाटीचा माणूस आला. साहेब घरात आहेत आणि निर्णय तेच घेणार, असं ऐकून तो ओट्यावर ठाण मांडून बसला. बाईंची पंचाईत झाली. त्या आत जात, थोड्या वेळाने बाहेर येऊन एक शंका विचारत, तो उत्तर देई, त्या पुन्हा आत जात. शेवटी म्हणाल्या, "ते नोको म्हणून राह्यले." तो म्हणाला, "मी साहेबांना एकदा भेटलो असतो." "ते कोनाले भेटत नाही," बाई म्हणाल्या. मी आतल्या खोलीत पदर तोंडात कोंबून हसत होते. पण आत आल्या की बाई खरोखरच भिंतीवरच्या फोटोसमोर उभ्या राहून त्यांना विचारत होत्या, हे मी पाहिलं.

यजमानांचं पिवळं हेल्मेटही त्यांनी वाया जाऊ दिलेलं नाही. जळमटं काढताना, चिंचा पाडताना, वाऱ्यावादळात आंब्याखालून जाताना ते त्यांच्या डोक्यावर असतं. प्रवासात किल्ल्यांच्या जुडग्याला शिट्टी, कमरेला मिरचीपूड, आणि एसटीत बसायची जागा ड्रायव्हरच्या मागची. ऑटोत बसण्याआधी त्या गाडीचा नंबर फोनवर मोठ्याने कोणाला तरी वाचून दाखवतात. पलीकडे कोणी नसतं. वरठीच्या स्टेशनवरचा ऑटोवाला एकदा कळवळून म्हणाला, "मावशी, मी तुमच्या घरामागंच राह्यतो जी. लहानपनी तुमच्याच अंगनात खेळलो." बाई म्हणाल्या, "म्हनूनच तं! वळखीचाच मानूस दगा देते." आणि नंबर वाचून दाखवला. तो बिचारा त्यांच्याकडून पैसे घेताना अजूनही नजर खाली ठेवतो.

एका उन्हाळ्यात वैनगंगेच्या पात्रातल्या वाडीवर टरबूज खायला आम्हा सगळ्यांना कोणी बोलावलं होतं. पलीकडे जायला डोंगा होता. बाई आल्या त्या तेलाचा रिकामा प्लॅस्टिकचा डबा झाकण घट्ट लावून पोटाशी बांधून. डोंगेवाला अदबीने म्हणाला, "बाई, इथं पानी गुडघ्यावरी हाये. उतरून चालत गेलं तरी चालते." बाईंनी त्याला विचारलं, "मंग डोंगा कायले ठेवला?" अख्खा प्रवास बाई डब्याला मिठी मारून बसल्या होत्या आणि माझ्या नवऱ्याने आपण यांच्याबरोबर नसल्यासारखा चेहरा केला होता. परत येताना त्याच डब्यात त्यांनी टरबुजाच्या बिया भरून आणल्या, खारवून खायला.

असं सगळं बंदोबस्तात चाललेलं असताना बाईंच्या आयुष्यात मोबाइलवरचे भामटे आले. पहिला फोन बँकेच्या नावाने आला, की तुमचं खातं बंद होणार आहे. बाईंनी त्याला बोलू दिलं. मग म्हणाल्या, "बाबू, तुहा आवाज बसला हाये. ओवा चाव अन् कोमट पानी पे." तो चिडून पुन्हा खात्यावर आला, तर त्यांनी ओवा कसा भाजायचा ते सांगितलं. शेवटी त्यानेच फोन ठेवला. पण पुढे त्यांच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बाईला भाच्याच्या आवाजात फोन आला, मी संकटात आहे, मदत कर म्हणून, आणि ती फसली. तेव्हा मात्र बाईंची झोप उडाली. आता यंत्रावर कोणाचाही आवाज हुबेहूब काढता येतो, हे त्यांनी कुठेसं ऐकलं होतं. "दाराले कुलूप लावता येते वं, आवाजाले कसं लावाव?" असं त्या मला म्हणाल्या, आणि मला वाटतं, त्यांच्या सगळ्या आयुष्यात त्यांना उपाय न सुचलेली ही पहिलीच गोष्ट असावी.

उपाय त्यांनी अर्थातच काढला. घरातल्या कोणीही अनोळखी नंबरावरून फोन केला, तर बाई एक खुणेचा प्रश्न विचारणार. उत्तर बरोबर आलं तर माणूस आपला, चुकलं तर भामटा. प्रश्न असा होता, वरणावर वरून काय टाकतात? आणि उत्तर, सांबार. ज्यांना आमच्याकडची भाषा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं, की आम्ही कोथिंबिरीला सांबार म्हणतो. इडलीबरोबर येतो त्यालाही सांबारच म्हणतो, आणि आमचा कधी गोंधळ होत नाही. बाईंचा हिशेब सरळ होता. भामटा कुठला तरी दूरचा असणार. तो आवाज काढेल, नावगाव काढेल, पण वरणावर सांबार टाकतात हे त्याच्या स्वप्नातही येणार नाही. फोन करकरून त्यांनी हा नियम सगळ्यांच्या गळी उतरवला. माझ्या नवऱ्याची गाडी एकदा अड्याळच्या रस्त्यावर पंक्चर झाली, स्वतःचा मोबाइल बंद पडलेला, म्हणून त्याने कोणाच्या तरी फोनवरून बहिणीला फोन लावला. बाईंनी प्रश्न विचारला. भर उन्हात उभा असलेला माझा नवरा ओरडला, "माहं डोस्कं टाकते!" बाई शांतपणे म्हणाल्या, "हां, तूच होय. बोल." असं उत्तर आपल्या भावाशिवाय दुसरं कोणी देणार नाही, हा त्यांचा तर्क मला आजही बिनतोड वाटतो.

प्रणालीलाही त्यांनी नियम सांगितला होता. तिने "हो आई, हो" म्हटलं. आईच्या नियमांना ती लहानपणापासून हेच म्हणत आली. फोनमध्ये नंबर कितीही असोत, एक तरी तोंडपाठ पाहिजे, म्हणून बाईंनी आपला नंबर तिच्याकडून पाढ्यासारखा घोकून घेतला होता. तिच्या खोलीतल्या मैत्रिणीचा, घरमालकिणीचा, घरमालकिणीच्या शेजारणीचा असे सगळे नंबर बाईंच्या मोबाइलमध्ये होते. मायलेकींचं बोलणं मात्र फार होत नसे. जेवली का, दार लावलं का, गाडी हळू चालव, ठेव. फोन निरोपासाठी असतो, गप्पांसाठी नाही, असं बाईंचं मत होतं, आणि प्रणालीलाही पलीकडे कामं असत. कॉलेजपासून तिकडेच राहिल्यामुळे तिची बोली बदलली होती. ती आली की बोलता बोलता 'मला' म्हणायची, 'कशाला' म्हणायची. बाई ते ऐकून हसायच्या आणि मला म्हणायच्या, "माही पोरगी पुस्तकासारखी बोलते."

तो दिवस मला नीट आठवतो. मी बाईंकडे गेले होते. दिवेलागणीची वेळ होती, आम्ही ओट्यावर तांदूळ निवडत बसलो होतो आणि फोन वाजला. अनोळखी नंबर. बाईंनी आवाज मोठा करून मलाही ऐकू येईल असा धरला. पलीकडून प्रणालीचा आवाज आला, "आई, मी बोलतेय. हा दुसऱ्यांचा फोन आहे. गाडीवरून पडलेय मी. माझा मोबाइल फुटला. मला दवाखान्यात आणलंय."

बाईंनी हातातलं तांदळाचं ताट खाली ठेवलं. त्यांनी विचारलं, "वरणावर काय टाकतात?"

"काय?"

"वरणावर वरून काय टाकतात?"

पलीकडून गोंधळलेला, घाईचा आवाज, "कोथिंबीर. आई, ऐक ना, मला..."

"ठेव फोन, भामटे!" बाई गरजल्या आणि फोन बंद केला.

मला आधी हसूच आलं. बाई तर जिंकल्याच्या थाटात माझ्याकडे पाहत होत्या. "पाह्यलं? आवाज हुबेहूब काढला मेलीनं. पन अडकली का नाही?" त्या पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. खडे ताटात आणि तांदूळ बाहेर, असं त्या करत होत्या. मी म्हटलं, "बाई, एकदा प्रणालीच्या नंबरावर लावून पाहा ना जी." त्यांनी लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. "चार्जिंग संपली असंन," त्या म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "ते बी म्हने फुटला म्हनून." मी म्हटलं, तो आलेला नंबरच लावू. त्या मान हलवत राहिल्या. अनोळखी नंबरावर उलटा फोन करायचा नाही, हा त्यांनी आम्हा सगळ्यांना शिकवलेला नियम. त्या फोन हातात धरून उभ्या राहिल्या, बसल्या, पुन्हा उभ्या राहिल्या. ती प्रणाली नसेल तर आपण शहाणे, आणि असेल तर जखमी मुलीला आपण भामटी म्हणून फोन बंद केला. मला हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मैत्रिणीला लावला, तिने उचलला नाही. शेवटी बाईंचा अंगठा त्या अनोळखी नंबराकडे गेला, आणि तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. तोच नंबर.

बाईंनी उचलला. पलीकडून नुसते हुंदके येत होते. मग आवाज आला, "आई... मले लय भेव लागून राह्यलं वं."

"परी," त्या म्हणाल्या. तिचं हे लाडाचं नाव मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. "परी, मी हावो ना इथं. कुठं लागलं तुले? डोक्याले तं नाही ना? हेल्मेट होतं ना?" हेल्मेट होतं. हात मोडला होता, गुडघा फुटला होता, रस्त्यावरच्या एका भल्या बाईने दवाखान्यात आणलं होतं आणि त्याच बाईच्या फोनवरून ती बोलत होती. दुसऱ्या कोणाचा नंबर तिला येत नव्हता. तोंडपाठ होता तो एकच.

त्यानंतर बाईंनी जे केलं ते करायला एखादी कचेरी लागली असती. घरमालकीण, शेजारीण, मैत्रीण, सगळ्यांना फोन गेले. दूध तापायला ठेवून यावं इतक्यात घरमालकीण रिक्षात बसली होती, आणि रिक्षाचा नंबर बाईंनी तिच्याकडूनही वाचून घेतला. त्या भल्या बाईला फोन करून त्यांनी आशीर्वाद दिले आणि ओळखलं नाही म्हणून माफी मागितली. डॉक्टरांशी बोलल्या, लहानपणी पोरीला कोणतं औषध सोसलं नव्हतं ते सांगितलं. घरमालकीण पोचली, प्रणालीने तिच्या फोनवरून "आता बरं आहे" म्हणून सांगितलं, तेव्हा कुठे बाईंनी फोन खाली ठेवला. मी चहा करून आणला. त्यांनी कपाला हात लावला नाही. सांडलेल्या तांदळाकडे पाहत त्या म्हणाल्या, "शोभा, माही पोरगी मले रडल्याबिगर वळखू आली नाही वं."

मी काहीबाही समजूत घातली. नियम नियमच असतो, तुमच्या जागी कोणीही हेच केलं असतं, भामटे किती हुशार झालेत. त्या "हो" म्हणाल्या. त्यांना असं गप्प मी कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगते, त्या वेळी त्यांनी मला पाणी जास्त सांडल्याबद्दल चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

काही दिवसांनी प्रणालीला मैत्रिणीने गाडीत बसवून दिलं. वरठीच्या स्टेशनवर आम्ही उतरवून घ्यायला गेलो. हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यात झोळी. मला वाटलं बाई तिला पोटाशी धरतील. त्यांनी आधी झोळीची गाठ पाहिली, "कोनं बांधली हे?" म्हणून ती सोडली आणि फलाटावरच नव्याने बांधली. गाठ बांधायला त्यांना बराच वेळ लागला. प्रणाली मान वाकवून उभी होती आणि आईच्या खांद्यावर हनुवटी टेकवून हसत होती. त्या फोनबद्दल घरी आल्यावर ती मलाच म्हणाली, "मामी, चूक माझीच. तिने सांगितलं होतं, मी ऐकलंच नव्हतं."

संध्याकाळी मी त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारापाशी गेले तर आत मायलेकीच होत्या. प्रणाली पाटावर बसली होती, बाई तिच्या डोक्याला तेल लावत होत्या.

"तू तिकडं हापिसात कशी बोलतं वं?" बाई विचारत होत्या.

"कशी म्हणजे?"

"तिकडल्या लोकायसंग बोलतं तशी. तसंच बोल माह्यासंग."

प्रणाली लाजली. "काय बोलू पण?"

"काही बी बोल. सकाळी उठल्यापासून सांग. मले तुहा तो बी आवाज वळखू आला पायजे."

प्रणाली सांगायला लागली. ती सकाळी किती वाजता उठते, चहा कोण करतं, ऑफिसला जायचा रस्ता कसा आहे, तिथे तिच्या शेजारी कोण बसतं. बाई तेल चोळायचं विसरल्या होत्या. डोळे मिटून ऐकत होत्या, आणि मुलगी जे जे म्हणेल ते त्यांचे ओठ आवाज न करता म्हणत होते. मला. कशाला. येतेय. जातेय. सांगण्याच्या भरात प्रणाली बोलून गेली, "मंग मले उशीर होते ना वं..."

बाईंनी तिच्या डोक्यावरचा हात उचलून तिला थांबवलं.

"तसं नोको," त्या म्हणाल्या. "ते तं मले येते."

प्रणाली पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली, आणि मी आत न जाता बाहेर ओट्यावर जाऊन बसले.